होमर इंग्रजीतून वाचायचाय, पण कुणाचा?

भाची पुस्तकांच्या दुकानात उभी होती. तिथून तिने एका फळीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, ओडिसी चार निघाल्या. चारही होमरच्याच. कुठली घेऊ? लवकर सांग, दुकान बंद करतायत." फोटोत त्या प्राचीन ग्रीक महाकाव्याची चार इंग्रजी भाषांतरं दिसत होती: रिचमंड लॅटिमोर, रॉबर्ट फेगल्स, एमिली विल्सन यांची आणि पेंग्विनची ई. व्ही. रियू यांची गद्य प्रत. मी घाईत लिहिलं, "विल्सन घे." ते उत्तर बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं, पण ते तिच्यापुरतं. तिच्या आजोबांनी विचारलं असतं तर मी दुसरं नाव सांगितलं असतं, आणि होमरच्या दुसऱ्या महाकाव्याबद्दल, 'इलियड'बद्दल, विचारलं असतं तर तिसरं. त्या घाईत जे सांगायचं राहिलं ते इथे सांगते.

होमरच्या भाषांतरांबद्दल 'हे सोपं', 'ते जड', 'हे प्रवाही' असं खूप ऐकू येतं आणि त्यावरून काहीच ठरत नाही. 'ओडिसी' सुमारे 12,110 ओळींची, 'इलियड' 15,693 ओळींचं. एवढ्या लांबीत प्रत्येकाचं काही ना काही छान उतरलेलं असतंच. त्यापेक्षा पाच-सहा ग्रीक शब्द हाताशी घ्यावेत, असे की ज्यांना इंग्रजीत सरळ प्रतिशब्द नाही आणि भाषांतरकाराला आपल्या मनाने काहीतरी ठरवावंच लागतं. तिथे तो काय करतो ते पाहिलं की पुढच्या हजारो ओळींत काय करणार ते समजतं. शितावरून भाताची परीक्षा. आणि आपल्याला एक सोय अशी की यातले बरेच शब्द इंग्रजी कानापेक्षा मराठी कानाला जवळचे आहेत.

राग, संताप की कोप

'इलियड'चा पहिलाच शब्द 'मेनिस'. म्हणजे राग, पण रोजचा राग नव्हे. या काव्यात हे नाम देवांच्या रागासाठी येतं, आणि माणसांमध्ये एकट्या अकिलीसच्या, म्हणजे ट्रॉयच्या युद्धातल्या सर्वांत मोठ्या ग्रीक योद्ध्याच्या. पहिल्याच सर्गात अपोलोचा मेनिस ग्रीक छावणीवर कोसळतो. आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. नऊ दिवस देवाचे बाण बरसतात आणि चिता जळत राहतात. मराठीत याला शब्द शोधत बसावं लागत नाही. देवाचा होतो तो कोप. साथ आली की 'देवीचा कोप झाला' म्हणणारी माणसं आपल्या आजी-पणजीच्या पिढीत घरोघरी होती. रागावणाऱ्याचा अधिकार आणि त्यापायी भरडली जाणारी वस्ती, दोन्ही त्या एका शब्दात येतात.

लॅटिमोरने (1951) इथे 'अँगर' वापरला. रोजच्या बोलण्यातला, मोजका शब्द, आपल्या 'राग'सारखा. फेगल्सने (1990) 'रेज' घेतला आणि तो ओळीच्या तोंडाशी एकटा उभा केला, पुढे आडवी रेघ मारून. ग्रीकमध्येही 'मेनिस' अगदी पहिला येतो, त्यामुळे कानाला बसणारा तडाखा त्याने बरोबर पकडला. पण 'रेज' म्हणजे संताप, अंगाची लाही, जी भडकते आणि उतरते. अकिलीस मात्र लढाई सोडून झोपडीत जाऊन बसतो, मित्र समजूत घालायला येतात त्यांना जेवू घालतो, वीणेवर वीरांच्या कथा गातो, आणि तरी राग सोडत नाही. तो सोडल्याचं जाहीर करायला एकोणिसावा सर्ग उजाडतो. इतका जपून ठेवलेला राग 'रेज'मध्ये मावत नाही. कॅरोलाइन अलेक्झांडर (2015) आणि एमिली विल्सन (2023) या दोघींनी 'रॅथ' निवडला. इंग्रजी बायबलात देव रागावतो तेव्हा येणारा हा शब्द. थोडा जुना वाटतो खरा, पण कोपाच्या सर्वांत जवळ तोच आहे आणि माझं मत त्याच्या बाजूने.

दुसऱ्या ओळीचा पहिला शब्द त्याहून गमतीचा. 'उलोमेनेन' हे त्या रागाचं विशेषण 'नष्ट होणे' या धातूपासून आलेलं. व्याकरणाने पाहिलं तर अर्थ 'नष्ट झालेला', पण वापर शिव्याशापाचा: ज्याच्याबद्दल 'नष्ट होवो' असं म्हणावं तो. इंग्रज टीकाकारांना हे समजावून सांगायला परिच्छेद खर्च करावा लागतो. आपल्याकडे कुठल्याही अंगणात ऐकू येतं, 'मेला तो पाऊस, कधी थांबतोय!' पाऊस मेलेला नसतो, तो मरो असं म्हणायचं असतं. मेल्या त्या कोपाने ग्रीकांना हजार दुःखं दिली, असं होमर म्हणतो. फेगल्सने याचे 'मर्डरस' आणि 'डूम्ड' असे दोन शब्द केले. विल्सनने 'कॅटॅक्लिझमिक' म्हणजे प्रलयंकारी असं केलं. लॅटिमोरने विशेषण मोडून 'डिव्हॅस्टेशन' असं नाम केलं. तिघांनीही नाश ठेवला, शाप कुणाच्याच हाती लागला नाही. इंग्रजीच्या पोतडीत तो शब्द नाही, त्याला कोण काय करणार.

बारा गावचं पाणी

'ओडिसी'चा नायक ओडिसियस पहिल्या ओळीत नावाने येत नाही. 'एक माणूस' म्हणून येतो आणि त्या माणसाला एकच विशेषण लागतं: 'पोलिट्रोपोस'. 'पोलि' म्हणजे पुष्कळ, 'ट्रोपोस' म्हणजे वळण. पुष्कळ वळणं घेतलेला की पुष्कळ वळणं घेणारा? भटकलेला की धूर्त? ग्रीकमध्ये दोन्ही. हा शब्द अख्ख्या 'ओडिसी'त दोनदाच येतो, त्यामुळे इतर जागा पाहून अर्थ पक्का करायचीही सोय नाही.

लॅटिमोर 'मॅन ऑफ मेनी वेज' म्हणतो. 'वे' म्हणजे वाट आणि 'वे' म्हणजे रीत, दोन्ही अर्थ शाबूत. फेगल्सचा 'मॅन ऑफ ट्विस्ट्स अँड टर्न्स' गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडी शोभतो. पुढे काहीतरी घडणार याची चाहूल त्यात आहे. विल्सनच्या (2017) ओळीवर सर्वांत जास्त चर्चा झाली: 'टेल मी अबाउट अ कॉम्प्लिकेटेड मॅन.' काहींना हा शब्द आजच्या गप्पांमधला वाटला, महाकाव्याच्या उंबऱ्यावर न शोभणारा. मला तसं वाटत नाही. त्या शब्दाच्या लॅटिन मुळाशी घडी घालणं आहे. घड्यांवर घड्या असलेला माणूस, एक उलगडावी तर आत दुसरी. पण त्यात प्रवास उरत नाही, हेही खरं. तिसऱ्याच ओळीत होमर सांगतो की याने कितीतरी माणसांची गावं पाहिली आणि त्यांची मनं ओळखली. मराठीत अशा माणसाला बारा गावचं पाणी प्यालेला म्हणतात. प्रवासही आला, शहाणपणही आलं, आणि याच्यापासून जरा जपून राहा हा इशाराही आला. विल्सनच्या शब्दात हा इशारा आहे, लॅटिमोरच्या शब्दात प्रवास आहे. ज्याला आधी हा माणूस समजून घ्यायचाय त्याने विल्सनकडे जावं, ज्याला त्याच्याबरोबर समुद्रावर जायचंय त्याने लॅटिमोरकडे.

द्राक्षाच्या दारूसारख्या गडद समुद्राचं, 'वाइन-डार्क सी'चं उदाहरण मी मुद्दाम घेत नाही. त्यावर खूप लिहिलं गेलंय. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांनी 1858 मध्ये होमरच्या रंगांवर सविस्तर प्रकरण लिहिलं. पण हा शब्दप्रयोग इंग्रजीत इतका रुळलाय की बहुतेकांनी तो जागोजागी जसाच्या तसा ठेवला. निवड करायला त्याचा उपयोग नाही.

भ गण आणि दहा अक्षरं

शाळेत 'यमाताराजभानसलगा' पाठ केलेल्या माणसाला होमरचं वृत्त पाच मिनिटांत कळतं. ग्रीक वृत्तही लघु-गुरूवर चालतं. त्याचा मूळ गण म्हणजे आपला भ गण: गुरु, लघु, लघु. असे पाच, आणि शेवटी दोन अक्षरांचा सहावा. दोन लघूंच्या जागी एक गुरु आला तरी चालतो. त्यामुळे ओळ बारा अक्षरांची होऊ शकते, सतराचीही, पण मात्रांचा ताल सुटत नाही. इंग्रजी कवितेत लघु-गुरूचा हिशेबच नाही, तिथे आघात मोजतात. त्यामुळे इंग्रजीतला प्रत्येक होमर वृत्ताच्या बाबतीत तडजोड करूनच उभा राहतो.

लॅटिमोरची ओळ लांब आहे, सहा आघातांची आणि सैलशी. मूळ ओळ जिथे संपते, साधारण तिथेच त्याची संपते. हाती ग्रीक घेऊन बसलात तर बोट ठेवून चालता येतं. या लांबीपायी त्याची वाक्यं कधी कधी पाय ओढत चालतात, हा दोष मान्य करायला हवा. फेगल्स ओळ हवी तशी लांब-आखूड करतो आणि ओळींची संख्याही वाढू देतो. विल्सनने इंग्रजीचं घरचं वृत्त घेतलं, पाच आघातांचं, दहा अक्षरांचं, आणि 'ओडिसी'त एक कडक अट स्वतःला घालून घेतली: मूळच्या ओळी जितक्या, तितक्याच आपल्याही. आता हिशेब मांडा. पंधरा-सोळा अक्षरांचा ऐवज दहात बसवायचा म्हणजे दर ओळीला काहीतरी बाहेर राहणार. ('इलियड' करताना तिने ही अट सैल केली.)

तिच्याकडे बाहेर राहतात ती मुख्यतः ठरीव विशेषणं. आणि इथे मराठी वाचकाने थांबून स्वतःला विचारावं की मला ती हवी आहेत का.

होमरमध्ये अकिलीस 'वेगवान पायांचा' असतो, बसलेला असला तरी. नवव्या सर्गात तो आसनावर बसूनच उत्तर देतो, आणि तरी 'वेगवान पायांचा अकिलीस म्हणाला' असंच येतं. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने 1928 च्या पॅरिसमधल्या प्रबंधांत दाखवून दिलं की ही विशेषणं वृत्तातल्या ठरावीक जागा भरायला पिढ्यानपिढ्या घडत आलेली आहेत. पुढे युगोस्लाव्हियात हिंडून त्याने तिथल्या शाहिरांची तोंडी रचना ध्वनिमुद्रित केली आणि ही जिवंत रीत कशी चालते ते प्रत्यक्ष पाहिलं. पाश्चात्त्य वाचकाला हे पटवून द्यावं लागतं. आपल्याला ते लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. गीतेत अर्जुन धनुष्य टाकून रथात बसलेला असतो, आणि कृष्ण त्याला हाक मारतो 'परंतप', म्हणजे शत्रूला पोळणारा. आपल्याला यात काही खटकत नाही. उलट त्या बसलेल्या माणसाला त्याच्या नावाची आठवण करून दिल्यासारखं वाटतं. अकिलीसला 'पिलियसचा मुलगा' म्हणणं आपल्या 'कौंतेय', 'राधेय'च्याच पठडीतलं. अमेरिकन विद्यार्थी ज्या पुनरावृत्तीला कंटाळेल म्हणून भाषांतरकार धास्तावतात, ती आपल्याला घरच्यासारखी आहे.

म्हणूनच लॅटिमोर कोरडा, पंडिती, नवख्यासाठी नाही, हा सल्ला मराठी वाचकाला लागू पडत नाही असं माझं ठाम मत आहे. तो विशेषणं गाळत नाही. पहाटेची ओळ घ्या. 'ओडिसी'त पुन्हापुन्हा उजाडतं आणि प्रत्येक वेळी तीच ओळ येते: गुलाबी बोटांची उषा प्रकटली. (ग्रीक 'ईओस' आणि आपली 'उषस्' एकाच मुळातून आलेल्या.) लॅटिमोर ती ओळ जवळजवळ जशीच्या तशी परत आणतो, कीर्तनात ध्रुपद यावं तशी. विल्सन प्रत्येक पहाट वेगळ्या शब्दांत रंगवते. दुसऱ्या सर्गाच्या आरंभी तिच्या उषेची बोटं फुलतात, पुढे ती आणखी काही करतात. तिचं म्हणणं, छापील पान वाचणाऱ्याला तीच ओळ पुन्हा आली की तो डोळ्यांआड करतो. तिच्या या पहाटा सुंदर आहेत. पण ध्रुपद गेलं ते गेलं.

ज्या, त्यांचा

आता त्या जागेकडे येते जिथे मला स्वतःला ठरवता आलं. 'ओडिसी'चा बाविसावा सर्ग. ओडिसियस घरी परतलाय, आणि त्याची बायको पेनेलोपी हिच्या मागे लागलेले सगळे विवाहोत्सुक मारले गेलेत. घरात पन्नास बायका राबतात, त्यांतल्या बाराजणी त्या पुरुषांबरोबर निजत होत्या असं म्हातारी दाई युरिक्लिया सांगते. त्या बाराजणींना आधी प्रेतं उचलायला लावतात, मेजं-खुर्च्या पुसायला लावतात. मग ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस म्हणतो की यांना मी स्वच्छ मरण देणार नाही, आणि जहाजाचा दोर खांबाला बांधून त्यांना ओळीने फासावर चढवतो.

टेलेमॅकस त्यांना काय म्हणतो? फेगल्सचा टेलेमॅकस 'स्लट्स' म्हणतो आणि वर 'द सूटर्स होअर्स'. रॉबर्ट फिट्झजेराल्डचाही (1961) 'स्लट्स' म्हणतो. लॅटिमोरचा 'क्रीचर्स'. विल्सनचा 'गर्ल्स'. आणि ग्रीकमध्ये? ग्रीकमध्ये नामच नाही. आहे ते फक्त स्त्रीलिंगी सर्वनाम. मराठीत ते एका श्वासात होतं: 'ज्या त्यांच्यापाशी निजत होत्या, त्यांचा जीव मी स्वच्छ मरणाने घेणार नाही.' आपल्या 'ज्या'तच त्या बायका आहेत, निराळं नाम लागत नाही. इंग्रजीच्या 'दोज हू'मध्ये बाई की पुरुष ते कळत नाही, म्हणून भाषांतरकाराला नाम शोधावं लागलं, आणि नाम शोधताना प्रत्येकाने आपल्या मनातलं घातलं. शिवी होमरची नाही. ती विसाव्या शतकातल्या इंग्रजीने त्या मुलाच्या तोंडात घातली. कित्येक वाचक त्या पानावरून पुढे गेले ते त्या बायका तसल्याच होत्या असं धरून.

होमर स्वतः त्यांच्याकडे कसा पाहतो ते पुढच्या पाच ओळींत आहे. घरट्याकडे परतणाऱ्या पाखरांना किंवा पारव्यांना झुडपातल्या जाळ्याने अडकवावं, तशा त्या ओळीने लटकल्या. आणि मग: पाय झाडले, थोडा वेळ, फार नाही. इतकंच. ही ओळ ज्याला ऐकू आली त्याला शिवी घालवणार नाही. विल्सनच्या भाषांतरात ती ऐकू येते, कारण आधी कुणी आरडाओरडा केलेला नाही.

त्या बायका कोण हाही प्रश्न आहेच. ग्रीक शब्द 'द्मोई'. बहुतेक भाषांतरांत त्या 'मेड्स', 'सर्व्हंट्स' असतात, जणू पगार घेऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या. विल्सन सरळ 'स्लेव्ह' लिहिते. युरिक्लियाला ओडिसियसच्या बापाने वीस बैलांच्या मोलाने विकत घेतलं होतं, हे होमर पहिल्याच सर्गात सांगतो. तेव्हा 'स्लेव्ह' म्हणण्यात काही वाढवलेलं नाही. मराठीतही आपण इथे चटकन 'दासी' म्हणतो आणि फसतो. 'नामयाची दासी' ऐकून वाढलेल्या कानाला त्या शब्दात भक्ती ऐकू येते. इथे भक्ती नाही, खरेदी आहे.

विसाव्या सर्गातली एक बाई माझ्या मनातून जात नाही. घरात बारा जाती आहेत आणि दळायला बाराजणी. रात्री अकराजणी आपापलं दळण उरकून निजल्यात. एक अशक्त बाई अजून दळतेय. निरभ्र आकाशातून गडगडाट होतो, तशी ती जातं थांबवते आणि देवांचा राजा झ्यूस याला म्हणते: यांची आजची जेवणावळ शेवटची ठरो, यांच्या पिठापायी माझे गुडघे मोडले. तिला नाव नाही. तिचं बोलणं ओडिसियसला शकुन म्हणून ऐकू येतं आणि ती कथेतून निघून जाते. जात्यावर बसलेल्या बाईने पहाटे देवाशी बोलावं, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला कुणी समजावून सांगायला नको. तिला 'मेड' म्हटलं की ती स्वयंपाकघरातली एक मदतनीस होते. 'स्लेव्ह' म्हटलं की गुडघे दिसतात.

पेनेलोपीचा हातही असाच. एकविसाव्या सर्गात ती कोठीची किल्ली उचलते तेव्हा होमर तिच्या हाताला 'जाड' म्हणतो. हेच विशेषण तो लढवय्यांच्या हातांना लावतो. राणीचा हात जाड कसा, या संकोचाने फेगल्सने तो 'स्टेडी' केला. लॅटिमोरने 'हेवी' ठेवला. विल्सनने 'मस्क्युलर, फर्म' म्हटलं. लग्न टाळायला तीन वर्षं दिवसा मागावर विणायचं आणि रात्री उसवायचं, असं करणाऱ्या बाईचा हात जाडच असणार. माझ्या आजीची बोटं दळून-कांडून इतकी भरदार झाली होती की तिची अंगठी माझ्या अंगठ्यातही सैल व्हायची. तो हात आम्हाला कधी कुरूप वाटला नाही.

आणि हेलन, जिच्यापायी ट्रॉयचं युद्ध झालं ती. 'ओडिसी'च्या चौथ्या सर्गात ती स्वतःला 'कुत्र्याच्या डोळ्यांची' म्हणवते. कुत्रं म्हणजे निर्लज्ज, हा संकेत आपल्याकडेही आहे. फेगल्सने तिच्या तोंडी 'शेमलेस होअर' घातलं. लॅटिमोरने नुसतं 'शेमलेस' ठेवलं. विल्सनने वाक्यच फिरवलं: त्यांनी माझ्या चेहऱ्याला कारण केलं, आणि ते कारण त्यांच्या मागे शिकारी कुत्र्यासारखं लागलं, असा काहीसा भाव. कुत्रं राहिलं, पण दोष हेलनने स्वतःकडे घेतला होता तो विल्सनने पुरुषांकडे सरकवला. इथे मी विल्सनच्या बाजूने नाही. हेलन स्वतःला दोष देते आणि तो कितपत खरा हे श्रोत्यावर सोडते. ते मोकळं ठेवायला हवं होतं. ज्यांना वाटतं की विल्सन फक्त नितळ काच आहे, त्यांनी ही ओळ जरूर पाहावी. प्रत्येकाच्या काचेला कुठेतरी रंग आहेच.

पाव्हणं

एक शब्द झटकन सांगून टाकते, कारण तो कुणालाच नीट जमलेला नाही. 'झेनोस' म्हणजे परका आणि पाहुणाही. इंग्रजीला दर वेळी 'स्ट्रेंजर' की 'गेस्ट' ते ठरवावं लागतं. आपल्या खेड्यात अनोळखी माणूस पारावर दिसला की पहिली हाक 'काय पाव्हणं, कुठलं गाव?' 'ओडिसी'तला ठरीव प्रश्नही तोच: कोण तू, कुठला, तुझं गाव कुठलं, आईबाप कोण? फक्त तिथे आधी जेवू घालतात, मग विचारतात. इंग्रजीत वाचताना जिथे 'स्ट्रेंजर' येईल तिथे मनात 'पाव्हणं' म्हणा, अर्धी 'ओडिसी' जागेवर येईल.

बाकीचे

फुकट मिळणाऱ्या ई-पुस्तकांत बहुधा सॅम्युएल बटलर यांचं गद्य असतं ('इलियड' 1898, 'ओडिसी' 1900). वाचायला बरं, पण त्यात नावं रोमन आहेत: झ्यूसचा जोव्ह, अथीनाची मिनर्व्हा, ओडिसियसचा युलिसीज. आधी हे वाचून मग दुसरं घेतलं की गोंधळ होतो. अलेक्झांडर पोप यांचं 'इलियड' (1715 ते 1720) यमकांच्या जोड्यांत आहे. ते पोपची कविता म्हणून वाचावं, आणि तशी ती भव्य आहे. जॉर्ज चॅपमन (1611 आणि पुढे) यांच्या भाषांतराने कवी कीट्सला सुनीत सुचलं, ते पुरेसं पुण्य आहे. पहिलं वाचन म्हणून नको. रियू यांची 'ओडिसी' 1946 ची, पेंग्विन क्लासिक्स मालेतलं पहिलं पुस्तक. कादंबरीसारखी पळते. ज्याला कविता वाचायचीच नाही आणि गोष्ट मात्र हवी आहे त्याने निःसंकोच ती घ्यावी. फिट्झजेराल्ड हा या सगळ्यांत मोठा कवी असावा. समुद्र, वारा, रात्र त्याच्याइतकी कुणाची उतरलेली नाही. पण तो मोकळेपणाने वागतो, ठरीव ओळी वितळवून टाकतो. स्टॅन्ली लोम्बार्डोचं 'इलियड' (1997) आखूड, खडखडीत ओळींचं, मुखपृष्ठावर दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांचं छायाचित्र असलेलं. मोठ्याने वाचून पाहिलं तर त्याची ताकद कळते. डॅनियल मेंडेलसन यांची 2025 ची 'ओडिसी' पुन्हा लांब ओळीकडे वळते. विल्सनची आखूड वाटली तर ती पाहावी.

तर कुठलं घ्यायचं

माझ्या वडिलांचे डोळे आता साथ देत नाहीत, ते ऐकतात. त्यांच्यासाठी फेगल्स. त्याची 'ओडिसी' नट इयन मॅकेलन यांनी वाचलीय, आणि फेगल्सच्या ओळी मुळात आवाजासाठीच घडलेल्या आहेत. 'इलियड'च्या चोविसाव्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम आपल्या मुलाला मारणाऱ्या अकिलीससमोर गुडघे टेकतो आणि म्हणतो की पृथ्वीवर कुणी केलं नसेल ते मी केलं, माझ्या मुलाला मारणाऱ्याचे हात ओठांना लावले. फेगल्सची ती ओळ एकेरी, साध्या, ठोक्यासारख्या शब्दांची आहे आणि 'सन' या शब्दावर थांबते. वडील तिथे 'जरा थांबव' म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. लॅटिमोर त्याच जागी 'चिल्ड्रन' म्हणतो, कारण अकिलीसने प्रायमची एकच नाही, कितीतरी मुलं मारलीत आणि होमरने ते थोडं आधीच सांगितलंय. वाचताना लॅटिमोरचं अधिक खोल जातं. ऐकताना फेगल्सचं लागतं.

'ओडिसी' पहिल्यांदा वाचणार असाल, विशेषतः तुम्ही विशीत असाल आणि कवितेची धास्ती असेल, तर विल्सन. घरातली प्रत्येक व्यक्ती तिच्यात दिसते, कोठीतली आणि जात्यावरचीसुद्धा. 'इलियड' मात्र लॅटिमोर. युद्धाचं काव्य आहे, नावांचा आणि विशेषणांचा गजर त्यात हवाच, आणि तो गजर सोसायचा नाही तर ऐकायचा कान आपल्यापाशी आहे. त्याच्या 'अकिलियस', 'हेक्टोर', 'आयास' अशा ग्रीक वळणाच्या नावांनी पहिली वीस पानं अडखळायला होतं, मग विसर पडतो. दोन्ही काव्यं एकाच हातची हवी असतील तर तिघांचीही मिळतात. तेव्हा मी लॅटिमोर सांगेन, आणि दुसरी 'ओडिसी' कधीतरी विल्सनची घ्या म्हणेन.

अजून ठरत नसेल तर दुकानात पहिलं पान उघडू नका. पहिलं पान सगळ्यांनीच घासूनपुसून ठेवलेलं असतं. 'ओडिसी'चा बाविसावा सर्ग काढा, शेवटची दोन पानं. दोर खांबाला बांधतात तिथून वाचायला सुरुवात करा, आणि पाय झाडण्याच्या ओळीपर्यंत या. भाचीने त्या दिवशी घरी जाऊन तेच पान आधी काढलं होतं. रात्री साडेअकराला तिचा संदेश आला, "मावशी, त्या बारा जणींची नावं कुठे दिलीत का?"

नाहीत. एकीचं मात्र आहे, मेलँथो, अठराव्या सर्गात. पेनेलोपीने तिला लेकीसारखं वाढवलं होतं, खेळणी दिली होती.